उ, मध्ये काहीतरी, आणि या

आमच्या घरी पेपरची घडी नानांनीच मोडायची, हा नियम माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा. नाना म्हणजे माझे सासरे. भुसावळला रेल्वेत होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण पहाटे पाचला उठायचं आणि शिसपेन्सिल घेऊन शब्दकोडं सोडवायचं यात कधी खंड पडला नाही. पहिल्या पानावर काय छापलंय ते नंतर. आधी आतलं पान, चौकटी, आडवे शब्द, उभे शब्द. चहा होईपर्यंत निम्मं कोडं, चहा संपेपर्यंत उरलेलं.

मार्च २०२० मध्ये पेपर टाकणारा मुलगा यायचा थांबला. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला, २४ च्या रात्री एकवीस दिवसांच्या लॉकडाऊनची घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवशी पाडवा. बाजारातून साखरेची गाठी आणायची राहून गेली होती, म्हणून मी खडीसाखरेचे खडे दोऱ्यात बांधून गुढीला घातले. नाना नेहमीच्या वेळेला गेटशी जाऊन उभे राहिले आणि रिकाम्या हाताने परत आले. असं ते पुढचे आठ-दहा दिवस करत होते. पेपर येणार नाही हे त्यांना माहीत होतं, तरी पाय तिकडे वळायचेच.

आमचं घर जळगावात, रेल्वेलाइनपासून जवळ. प्रवासी गाड्या थांबल्या तेव्हा नानांचं घड्याळच थांबलं. कुठली गाडी गेली की किती वाजले, कोणती लेट आहे, हे ते ओट्यावर बसून सांगायचे. आता फक्त मालगाड्या चालू होत्या. रात्री एखादी गेली की अंधारात त्यांचा आवाज यायचा, “भरलेली आहे,” किंवा “रिकामी चालली.” मला त्या आवाजाने बरं वाटायचं. काहीतरी चालू आहे, कुठेतरी कोळसा, कुठेतरी धान्य पोहोचतंय.

माझा नवरा औषधांच्या दुकानात कामाला, त्यामुळे त्याला रोज जावंच लागायचं. तो संध्याकाळी आला की मागच्या दाराने थेट मोरीत. कपडे गरम पाण्याच्या बादलीत, मोबाइल पुसून खिडकीत, मग आंघोळ, मग घरात. नानांच्या खोलीत तो पाय ठेवायचा नाही. बापलेक एकाच घरात राहून दारातूनच एकमेकांशी बोलायचे. मी शिकवते ती शाळा बंद, पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द, त्यामुळे सातवीतला मुलगा परीक्षा न देताच आठवीत. चार माणसं, तीन खोल्या आणि वर गच्ची.

नानांनी आधी रद्दी काढली. जुनी सोडवलेली कोडी खोडरबराने पुसून पुन्हा सोडवायला घेतली. पेपरचा कागद तो, दोनदा घासला की फाटतो. एका दुपारी मी पाहिलं, फाटलेल्या चौकटीत मागच्या पानावरची जाहिरात दिसत होती आणि नाना तिथेच पेन्सिल टेकवून बसले होते. मी म्हटलं, “नाना, आपणच करू या ना कोडं.”

ते म्हणाले, “सोडवणं वेगळं, बेटा. करणं वेगळं.”

पण मुलाची गणिताची चौकटीची वही त्यांनी त्याच संध्याकाळी मागून घेतली.

करणं किती वेगळं आहे ते आम्हाला चार दिवसांत कळलं. पेपरात असतं तसं अकरा बाय अकराचं कोडं घ्यायला गेलो आणि चौथ्या शब्दाला अडलो. इंग्रजीत सव्वीस अक्षरं, काम संपलं. आपल्याकडे एकेका व्यंजनाची बाराखडी, वर जोडाक्षरं. एका घरात एक अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. म्हणजे आडव्या शब्दात ‘का’ आला तर उभ्या शब्दातही ‘का’च पाहिजे. तिथे ‘क’ चालत नाही, ‘की’ चालत नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी कोडं मोडतं. ‘गिरणा’ नदी लिहून ठेवली, तर तिच्या ‘णा’ला धरून पुढे काय घेणार? ‘गि’ने सुरू होणारे शब्द तरी किती?

नानांनी मग बिनकान्याच्या शब्दांची एक यादी केली. कमळ, गवत, दगड, वरण, सरपण, नगर, हरण, परस. “हे कुठल्याही डब्याला जोडता येतात,” म्हणाले. कपलिंग हा त्यांचा शब्द. जिथे दोन शब्द भेटतात त्या घराला ते पुढे नेहमी कपलिंगच म्हणायचे. गिरणेला मधून धरा, म्हणाले, तिथे ‘र’ उघडा आहे. उभा ‘वरण’ घाला. बसला.

पहिलं पूर्ण जमलेलं कोडं तीन बाय तीनचं होतं. वरच्या ओळीत आडवा ‘आखाजी’, म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया. ‘खा’पासून खाली उभा ‘खापर’. आणि खापराच्या ‘र’ला धरून तळाच्या ओळीत ‘वरण’. मधल्या ओळीत फक्त ‘प’, दोन्ही बाजूंना काळी घरं. तीन शब्द, आठवडाभराची मेहनत. नानांनी काळी घरं पेन्सिलने इतकी गडद भरली होती की मागच्या पानावर उठली. खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं: आडवे १, लेकी माहेरी येतात तो सण. उभे २, मांडे भाजतात ते. आडवे ३, बट्टीचा जोडीदार. मुलाने दोन मिनिटांत सोडवलं आणि “अजून द्या” म्हणाला.

गच्चीचं सांगायचं राहिलं.

गच्चीवर जायला मला एक कारण आधीपासून होतं. माझं माहेर शिरपूर तालुक्यात, तापीच्या बाजूचं गाव. आईशी मी अहिराणीत बोलते. लग्न होऊन जळगावात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात पाहुण्यांसमोर माझ्या तोंडून ‘आहे’च्या जागी ‘शे’ निघून गेलं आणि एक नातेवाईक बाई हसल्या. त्या वाईट नव्हत्या, नंतर त्यांनी माझं पुष्कळ केलं. पण ते हसू माझ्या अंगात रुतून बसलं. तेव्हापासून आईचा फोन आला की मी गच्चीवर जायची. सोळा वर्षं मी आईशी पाण्याच्या टाकीमागे उभी राहून बोलत आले होते.

“काय करी ऱ्हायनी?” हा तिचा पहिला प्रश्न असतो. लॉकडाऊनमध्ये मी काहीच करत नव्हते, तर तिने बियांची आठवण काढली. आदल्या आखाजीला तिने गिलक्याच्या, म्हणजे घोसाळ्याच्या, बिया फडक्यात गाठ मारून दिल्या होत्या. मी त्या मसाल्याच्या कपाटात ठेवून विसरले होते. मोजल्या, नऊ निघाल्या.

पाच बिया पाडव्याच्या दिवशी लावल्या आणि पाचही वाया गेल्या. रंगाच्या मोठ्या डब्यात जुन्या कुंड्यांची काळी माती भरली होती, नुसती. आपली काळी माती शेतात सोनं असते. तिथे ती खोल असते, भेगा पडतात, नांगर फिरतो. डब्यात कोंडली की ओली असताना चिखल, वाळली की वीट. वरून पापडी धरते आणि खाली पाणी साचून राहतं. मी रोज दोन वेळा पाणी घालत होते. आठव्या दिवशी उकरून पाहिलं तर बी मऊ पडून कुजलेलं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, “पानी कमी टाक. काया वावरनी माती शे ती.”

रामनवमीला, २ एप्रिलला, उरलेल्या चार बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजत टाकल्या. गिलक्याचं बी काळं, चपटं, टणक कवचाचं. न भिजवता लावलं तर त्याला फुटायला वेळ लागतो. या वेळी आम्ही माती बदलली. त्या दिवसांत कडुनिंबाची पानगळ चालू असते, मागच्या गल्लीत ढीगच होता. नवरा कामावरून येताना ती पानं पोतं भरून घेऊन यायचा. बांधकामाची उरलेली वाळू जिन्याखाली होती. माती, वाळू, चुरलेली कोरडी पानं, आणि शेणखत नव्हतं म्हणून भाजीच्या देठांचा घरचाच कुजवा. डब्याऐवजी जुन्या कूलरची गंजकी टाकी घेतली, तिला तळाशी आधीच भोकं पडली होती.

त्या टाकीच्या मध्यभागी मागच्या वर्षीची आखाजीची घागर पुरली. तोंड तेवढं वर. घागरीत पाणी भरून ठेवलं की ते मातीच्या अंगातून झिरपत मुळांना मिळतं, वरून पाणी घालावं लागत नाही, ऊन ते पिऊन टाकत नाही. पण पहिल्या दिवशी घागर तशीच भरलेली राहिली. पाणी हलेना. नाना म्हणाले, “जुनी घागर पाणी गार करत नाही ती कशामुळे? तेच.” आमच्याकडचं पाणी क्षाराचं, वर्षभरात घागरीच्या अंगाची छिद्रं पांढऱ्या थराने बुजून जातात. मग ती बाहेर काढली, व्हिनेगर चोळून काथ्याने घासली, दोन दिवस उन्हात पालथी ठेवली आणि पुन्हा पुरली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी चार बोटं उतरलं होतं. मी तिथेच खाली बसले आणि घागरीच्या भोवतीची माती हाताने चाचपून पाहिली. गार लागली. नळाला पाणी रोज येत नसताना हा गारवा मला केवढा मोठा वाटला!

चारांतल्या दोन बिया रुजल्या. सावलीची हिरवी जाळी विकणारी दुकानं बंद, म्हणून वरती दोन जुन्या सुती साड्या दोरीने ताणून बांधल्या. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात वेलाने पहिला ताणा टाकीच्या अँगलला गुंडाळला.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी कूलरसमोर नाना वही घेऊन बसले होते. पाच बाय पाचचं कोडं जवळपास जमलं होतं, एक कोपरा अडला होता. वरच्या ओळीत ‘उडीद’. एक ओळ सोडून खाली ‘यावल’, इकडचा तालुका. उजवीकडे ‘द’पासून ‘ल’पर्यंत ‘दखल’ झकास बसला होता. डावीकडे उभ्या ओळीत वर ‘उ’, खाली ‘या’, आणि मधलं घर रिकामं.

“उ, मध्ये काहीतरी, आणि या,” नाना म्हणत होते. “उद्या, पण ते दोनच घरांचं. उपाय नाही, शेवटी काना पाहिजे.” मुलगा इंग्रजी शब्द सुचवत होता. नाना यावल खोडायच्या बेतात होते. मी स्वयंपाकघरात दाण्याचा कूट करत होते. बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री, गच्चीवरून नुकतीच आले होते, पाय भाजत होते. काही ठरवून बोलले नाही.

“उन्हाया,” मी म्हटलं.

मिक्सर बंद होता. घरात एकदम शांतता. मला कानापर्यंत गरम झाल्यासारखं वाटलं, आणि मी लगेच म्हणाले, “म्हणजे उन्हाळा. पण ते ‘ळा’ होईल, नाही बसणार.”

नाना वहीकडे बघत होते. मग त्यांनी सावकाश मधल्या घरात ‘न्हा’ लिहिला. म्हणाले, “आमच्याकडं बी उन्हायाच म्हनत. माय म्हनायची.”

इतक्या वर्षांत नानांच्या तोंडून मी ही भाषा ऐकली नव्हती. ते रावेरकडचे, तिकडची बोली तावडी. माझी अहिराणी तापीच्या खालच्या अंगाची. शब्दांची ठेवण वेगळी, हेल वेगळा, पण ‘ळ’चा ‘य’ दोन्हीकडे. केळी म्हणजे केयी, डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. नोकरीत भुसावळला देशभरचे लोक, तिथे हिंदी बोलून बोलून नानांची तावडी मागे पडली. माझी मी टाकीमागे ठेवली होती. एका घरात दोन माणसं, दोघांनी आपापली बोली बाजूला ठेवून पुस्तकी मराठीत चहा-पाणी विचारत सोळा वर्षं काढली.

एक गोष्ट मला त्या रात्री फार लागली. मी शाळेत शिकवते. वर्गात पोरं ‘उन्हाया’ म्हणतात, शाळेला ‘साया’ म्हणतात आणि मी दर वर्षी तोच उच्चार सुधारते: असं नाही, नीट म्हण, उन्हाळा. कितीतरी लेकरांना मी असं उभं करून सुधारलं आहे. त्यांना पुस्तकाची मराठी यायलाच हवी, ते माझं कामच आहे. पण “नीट म्हण” हे शब्द मी वापरायला नको होते. घरी आई जे बोलते ते नीट नाही, असं त्या पोरांनी त्यातून ऐकलं असणार. मीही तेच ऐकत आले होते.

त्यानंतर कोड्याच्या वहीला मागच्या बाजूने दुसरी यादी सुरू झाली. डाव्या रकान्यात अहिराणी, मधल्या रकान्यात तावडी, उजवीकडे पुस्तकी. वावर म्हणजे शेत. वडांग म्हणजे काट्यांचं कुंपण. वट्टा म्हणजे ओटा. अंडेर म्हणजे मुलगी, अंडोर म्हणजे मुलगा. धल्ला म्हणजे म्हातारा. नानांनी हा शब्द स्वतः हसत लिहून घेतला. रोज आईला फोन करून पाच शब्द विचारायचे असं ठरलं, आणि तो फोन मी आता खाली, बैठकीत, स्पीकर लावून करायची. आई सुरुवातीला बुजली. “व्याही ऐकी ऱ्हायनात का?” म्हणून दबक्या आवाजात विचारायची. मग नानांनी एकदा तावडीत काहीतरी विचारलं आणि ती खुलली.

डांगर या शब्दावरून मोठा वाद झाला. आमच्या दोन्हीकडे डांगर म्हणजे खरबूज, तापीच्या वाळूत टरबुजांबरोबर पिकतं ते. पुण्याच्या मावशीने फोनवर सांगितलं की डांगर म्हणजे लाल भोपळा. शेजारच्या काकू मूळ कोकणातल्या, त्यांच्या मते डांगर म्हणजे उडदाच्या पिठाचं, ताकात कालवून खायचं. शेवटी नानांनी सूचकातच लिहिलं: तापीच्या वाळूतले गोड फळ. तेव्हा कुठे तो शब्द कोड्यात गेला.

या काकूंची गच्ची आमच्या गच्चीला लागून, मध्ये कमरेएवढी भिंत. एप्रिल म्हणजे कुरडया, पापड, बिबडे यांचे दिवस. दर वर्षी गल्लीतल्या पाच-सहा बायका एकीच्या घरी जमतात, चीक शिजतो, सोऱ्या फिरतात, पोरं चीक खाण्यासाठी वाटी घेऊन रांगेत उभी. त्या वर्षी प्रत्येकीने एकटीने केलं. पहाटे पाचला काकू एकट्या सोऱ्या दाबत असायच्या. मी वेलाला पाणी द्यायला गेले की भिंतीपासून चार हात लांब थांबून त्यांना कोडं वाचून दाखवायची. “आडवे चार, तीन अक्षरी, मधलं अक्षर डां.” त्यांचे हात चिकाने भरलेले, त्या तिथूनच ओरडून उत्तर द्यायच्या. नाना पुढे त्यांच्यासाठी वेगळी प्रत काढू लागले. ती पिशवीत घालून भिंतीवर ठेवायची, वर दगड. दुसऱ्या दिवशी त्याच पिशवीत सोडवलेलं कोडं आणि चार कुरडया.

मुलाने त्या काळात स्वतःचं एक कोडं केलं. कूलरच्या नव्या पंपाच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर नकाशा गिरवून खानदेशाचे तालुके कापले. जळगावचे १५, धुळ्याचे ४, नंदुरबारचे ६, मिळून २५ तुकडे. विकतच्या कोड्यासारखे ते एकमेकांत अडकत नाहीत, पंख्याने सरकतात. बोदवड तर दोनदा कपाटाखाली गेलं. नाना त्याला सांगत बसायचे की १९०६ च्या आधी खानदेश हा एकच जिल्हा होता, मग पूर्व आणि पश्चिम झाला, आणि नंदुरबार तर १९९८ मध्ये वेगळं निघालं. मुलगा चोपड्याला शिरपूर चिकटवून म्हणायचा, “आई, हे बघ, आजी इथे. आपण इथे. मध्ये एवढंच.” जिल्ह्याच्या हद्दीवर नाकाबंदी होती. एवढंच, पण जाता येत नव्हतं.

आखाजी २६ एप्रिलला होती. लग्नानंतर एकही आखाजी मी चुकवली नव्हती. खानदेशात लेकी-बहिणी माहेरी येतात त्या दिवाळीपेक्षा आखाजीला. कडुनिंबाला झोके, गौराई, पितरांची घागर, आमरस, खापरावरच्या पुरणपोळ्या. आईनेच आदल्या दिवशी फोन केला. “आवंदा ऱ्हाऊ दे,” एवढंच म्हणाली, आणि विषय बदलून वेलाचं विचारलं. नवी घागर मिळाली नाही. कुंभाराच्या दारात घागरी रचून ठेवलेल्या असतील, पण बाजार कुठे होता? आम्ही तांब्याच्या कळशीत पाणी भरून पितरांना नैवेद्य दाखवला. संध्याकाळी गच्चीवर गेले. पुरलेल्या घागरीच्या तोंडाशी वेलाचं एक पान आलं होतं, त्याला बाजूला केलं आणि पाणी भरलं.

मे महिना वेलाने नुसती फुलं दिली. पिवळीजर्द, लांब दांड्यावर झुबक्याने, एकेक करून रोज उमलणारी. गिलक्याचं फूल पहाटे उमलतं, दोडक्याचं संध्याकाळी. हे मला माहीत नव्हतं, काकूंच्या दोडक्यामुळे समजलं. एवढी फुलं आणि फळ एक नाही. सगळी नरफुलं. मादीफूल एकेकटं येतं आणि त्याच्या मागे करंगळीएवढं गिलकं आधीच दिसतं. तसं एकही नव्हतं. नाना वहीच्या समासात आकडे मांडायचे: नर ७, मादी ०. नर ११, मादी ०. मी खत बदललं, ताक शिंपडलं, काही उपयोग नाही. आई म्हणाली, “तपतंय ना, धीर धर. पानी पडू दे, मंग दख.” नंतर मी वाचलं तर कारण तेच निघालं. कडक उष्णता आणि मोठा दिवस असला की या जातीच्या वेलांना नरफुलंच जास्त येतात.

मेच्या शेवटी आमच्या मागच्या गल्लीत कोरोनाचा रुग्ण निघाला आणि गल्ली बंद करायला पत्रे लागले. त्या दिवसांबद्दल मला फार लिहिता येणार नाही. नवऱ्याला एका रात्री ताप आला, तो पाच दिवस वरच्या खोलीत एकटा राहिला, जेवणाचं ताट मी जिन्यात ठेवून खाली यायची. ताप साधा निघाला. त्या पाच दिवसांत नानांनी एकही कोडं केलं नाही. सहाव्या दिवशी सकाळी वही उघडलेली दिसली तेव्हा मी समजले की आता बरं आहे.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ कोकणात धडकलं. त्याचा उरलासुरला वारा-पाऊस आमच्यापर्यंत आला. गच्चीवरच्या दोन्ही साड्या उडून काकूंच्या टाकीला अडकल्या. वेल अर्धा खाली लोळला, पण मुळं घट्ट. मग मोसमी पाऊस आला, दिवस निवले, आणि जूनच्या चौथ्या आठवड्यात एका सकाळी मुलगा जिन्यातूनच ओरडत आला, “नाना, मादी एक!”

साडेसहा वाजले होते. आम्ही तिघं वर. नानांना जिना चढायला त्रास होतो, तरी आले. पाऊस पडून गेलेला, भुंगा दिसत नव्हता. मी एक ताजं नरफूल तोडलं, पाकळ्या मागे मुडपल्या आणि मधला पिवळा दांडा मादीफुलाच्या मध्यावर हलकेच फिरवला. परागाची धूळ बोटाला लागली. मुलाने श्वास धरला होता. तीन दिवसांनी मागचं इवलंसं गिलकं खाली झुकलं आणि लांबायला लागलं. पिवळं पडून गळालं नाही. दहाव्या दिवशी काढलं. एका गिलक्याची भाजी चौघांना कितीशी होणार? डाळ घालून वाढवली. नवरा त्या दिवशी नानांच्या खोलीच्या दारातच ताट घेऊन बसला.

पुढची गिलकी काकूंकडे गेली, गल्लीत गेली. एक मात्र वेलावरच वाळू दिलं.

२ सप्टेंबरपासून जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागेनासा झाला. महिन्याच्या शेवटी आम्ही शिरपूरला गेलो, मास्क लावून, गाडीच्या काचा उघड्या ठेवून. आई वट्ट्यावर उभी होती. जवळ गेले नाही. ती वट्ट्याच्या एका टोकाला बसली, मी दुसऱ्या टोकाला, मध्ये पिशवी. पिशवीतून वाळलेलं गिलकं काढलं. आईने ते कानाशी धरून हलवलं. आत बिया खुळखुळल्या. “आते तू मले बी दी ऱ्हायनी,” म्हणाली.

मग मी वही पुढे सरकवली. ती चौथी शिकलेली. शब्दकोडं तिने आयुष्यात सोडवलेलं नव्हतं, पण आमचं सगळं कोडं तिच्याच शब्दांचं होतं. नानांनी तिच्यासाठी मोठ्या चौकटी आखून दिल्या होत्या. तिने चष्मा लावला, पेन्सिलीला जीभ लावली आणि एकेक घर भरत गेली. वडांग लिहिलं. डांगर लिहिलं. डाव्या कोपऱ्यातल्या उभ्या शब्दाचं सूचक मी वाचून दाखवलं: आखाजीचा ऋतू.

तिने ‘उ’च्या खालच्या घरात ‘ना’ लिहिला. उनाया.

मी खोडरबर उचलला होता. मग बघितलं, त्या घराला आडवा शब्द जोडलेलाच नव्हता. वर ‘उडीद’ तसाच, खाली ‘यावल’ तसंच. कुठेच काही मोडत नव्हतं. मी खोडरबर परत पिशवीत ठेवला आणि पुढचं सूचक वाचलं.